आधी खोली

शेवटची भेटले तेव्हा सुगंधा खिडकीपाशी आरामखुर्चीत बसली होती आणि बाहेर आळंदी रस्त्याची दुपार चालली होती. विश्रांतवाडीच्या त्या घरात मी कितीदा गेले असेन, पण तिथे इतके आवाज येतात हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. रिक्षा, भंगारवाला, खालच्या घरातल्या कुकरची शिट्टी, मधूनच लोहगावकडे उतरणारं विमान. ती डोळे मिटून हे सगळं ऐकत होती. बोलणं तिला जड जात होतं, म्हणून मीच बोलत होते. विभागात कोण कसं आहे, चिंचेखाली नवी बाकं टाकली आणि पाखरांनी ती दोन दिवसांत कशी रंगवून काढली, असलं काहीबाही. तिने हात किंचित उचलून मला थांबवलं. म्हणाली, "ताई, नव्या कॉप्यांमधून खोल्या कापतायत म्हणे... कापू देऊ नका." मी म्हटलं, नाही देणार. तिने पुन्हा डोळे मिटले. मला वाटलं झोपली, पण खाली भंगारवाल्याने पुन्हा हाळी दिली तेव्हा ती जरा हसली.

पुढच्याच आठवड्यात तिच्या मुलीचा, मित्रा तिचं नाव, मेसेज आला, आई गेली म्हणून. तो वाचून मी काय केलं असेल, तर सवयीने सुगंधालाच फोन लावायला घेतला, 'अगं, ऐकलंस का?' म्हणून. इतकी वर्षं असल्या बातम्या आम्ही एकमेकींनाच आधी सांगत आलो होतो. नंबर डोळ्यांसमोर आला आणि मग हात थांबला. त्याला आता काही महिने झाले. अजूनही दिवसाकाठी एखादी गोष्ट तिला सांगायची म्हणून मनात बाजूला ठेवली जाते.

सुगंधा रामटेके हे नाव या पुरवणीच्या वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. ती आमच्या भाषाशास्त्र विभागात शिकवायची. भाषाशास्त्र म्हटलं की पुण्यात लोक सावरून बसतात. त्यांना वाटतं, ही बाई आता आपले ऱ्हस्व-दीर्घ काढणार. लग्नकार्यात कोणी विचारलंच, तर सुगंधा सांगायची, मी लोकांचं बोलणं ऐकते. एवढंच? एवढंच, आणि पगारही देतात. प्रत्यक्षात एवढंच नव्हतं. भंडारा-गोंदियाकडून नोकरीसाठी पुण्यात आलेली कुटुंबं इथे कशी बोलायला लागतात, त्यांची मुलं कशी बोलतात, नातवंडं कशी, याच्या मागे तिने आयुष्य घातलं. खडकीच्या क्वार्टर्सपासून सुरुवात केली, मग विश्रांतवाडी, आणि मग गावची मूळ बोली कशी बदलते ते पाहायला मांजरी, जिथे उसाच्या मळ्यातली जुनी घरं आणि नव्या सोसायट्या एकमेकांच्या खिडक्यांत डोकावतात. तिच्या कॅसेटींनी विभागातली लोखंडी कपाटं भरली. साध्या माणसांचं साधं बोलणं, एकाच शहरातलं, इतकं सलग, फारसं कुठे साठवलेलं नाही. त्यावर कितीतरी प्रबंध झाले. परदेशातले अभ्यासक येत, हेडफोन लावून दिवसचे दिवस बसत, आणि जाताना विचारत की हे सगळं एकटीने कसं केलंत. ती म्हणायची, "पीएमटीच्या बसने."

मी तिच्या आधीपासून विभागात होते. माझा विषय ताम्रपट आणि शिलालेख, म्हणजे ज्यांची बोलती शेकडो वर्षांपूर्वी बंद झाली त्यांची भाषा. ती रुजू झाली तेव्हा आम्हा दोघींना मिळून एक खोली दिली गेली, मध्ये एक कपाट. कपाटाच्या अलीकडे मेलेली माणसं, पलीकडे जिवंत. ती म्हणायची, ताई, तुमचं बरंय, तुमची माणसं ऐन रंगात आल्यावर नळाला पाणी आलं म्हणून उठून जात नाहीत. मी म्हणायचे, तुझी निदान अर्धी तुटलेली तरी सापडत नाहीत. पहिल्याच आठवड्यात आमच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तिची स्वच्छ मराठी, तिचे ते खणखणीत ळ आणि ण ऐकून मोठ्या कौतुकाने विचारलं, "आपण मूळच्या कुठल्या पेठेतल्या?" सुगंधा शांतपणे म्हणाली, "खडकी पेठेतली." ते 'वा वा' करत निघून गेले. अशी पेठ पुण्यात नाही हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते बहुधा जिना उतरून खाली पोचले होते. त्या दिवशी मला ही बाई आवडली आणि पुढे कधी नावडली नाही.

खडकीची गोष्ट तिने मला डबे खाताना तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. आजोबांनी दीक्षा घेतली आणि मुलाला शाळेत घातलं. तो मुलगा, म्हणजे सुगंधाचे वडील, शिकून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागला. दोन खोल्यांचं क्वार्टर. घरात आई भंडाऱ्याचंच बोलायची, सुगंधाही तिच्याशी तेच. पण वडिलांची शिस्त अशी, की घरचं बोलणं घरात. उंबऱ्याबाहेर पुस्तकासारखं बोलायचं, कोणाला हसायला जागा ठेवायची नाही. पोरगी हुशार. शाळेतून आली की दाराशी चपला काढाव्यात तशी पुस्तकी मराठी काढून ठेवायची आणि सकाळी जाताना पुन्हा पायांत घालायची. तिने हे कधी दुखणं म्हणून सांगितलं नाही. पण ज्या बाईने शेकडो माणसांना त्यांच्या घरच्या बोलीत बोलतं केलं, तिची स्वतःची घरची बोली आमच्या त्या खोलीत एकदाही आली नाही. मी एकदा आग्रह केला, दोन वाक्यं तरी बोलून दाखव. ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "कोणाशी बोलू? ती माझी एकटीची भाषा नाही, ताई. माझी आणि आईची मिळून आहे." मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

तिच्या कामाच्या दोन तऱ्हा होत्या आणि दोन्हींची विद्यार्थी नक्कल करायचे. पहिली म्हणजे, आधी खोली. कोणाच्याही घरी रेकॉर्डिंगला गेलं की ती टेपरेकॉर्डर मांडायची, बटण दाबायची आणि सगळ्यांना गप्प बसवायची. माणूस नंतर, आधी ती जागा भरून घ्यायची: पंखा, रस्ता, घड्याळ, शेजारचा रेडिओ. त्याला शास्त्रीय कारण आहे. जागेचा आवाज ठाऊक असला की त्यातून माणसाचा आवाज नीट वेगळा काढता येतो. पण त्याला थोडकाच वेळ पुरतो, आणि सुगंधा चांगली ऐसपैस बसायची. तिचं म्हणणं, माणूस कुठल्या आवाजांच्या वरून बोलतोय हे कळल्याशिवाय तो असा का बोलतो ते कसं कळणार? टेपच्या सुरुवातीच्या त्या रिकाम्या भागाला मग विभागात सगळेच 'खोली' म्हणायला लागले. दुसरी तऱ्हा अशी, की टेपवर स्वतःचा आवाज येऊ द्यायचा नाही. आपण पुस्तकी बोललो की समोरचाही पुस्तकी होतो, आणि मग त्याचं खरं बोलणं निघून जातं. म्हणून काय विचारायचं ते आधीच सांगून ठेवायची, आणि बटण दाबलं की तोंडाला कुलूप. पुढची मुलाखत भुवयांनी. उजवी भुवई वर गेली की 'मग?', दोन्ही गेल्या की 'खरंच?', आणि मान जरा कलती झाली की समोरच्या आजीबाई चाळीस वर्षांपूर्वीच्या नणंदेपर्यंत जाऊन पोचायच्या. मी कपाटापलीकडून म्हणायचे, तुला एवढं न बोलता येतं तर घरी का नाही जमत.

मांजरीला एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. मळ्यातलं घर, अंगणापासून पुढे नुसता ऊस. घरात एक म्हातारबाबा आणि त्यांची सून. सुगंधाने पडवीत टेपरेकॉर्डर ठेवला, बटण दाबलं आणि ओठांवर बोट धरलं. सगळे गप्प झाले. वारा आला की उसाची पाती एका कडेकडून दुसरीकडे वाजत जायची, लांब कुठे पाण्याची मोटार चालू होती. ती दुपार मला अजून अंगावर पांघरल्यासारखी आठवते... थोड्या वेळाने म्हातारबाबांनी टोपी काढली आणि हात जोडून उभे राहिले. सासरे उभे राहिले म्हणून सून उभी राहिली. मग मीही उभी राहिले, करते काय? शेवटी न राहवून त्यांनी हळूच विचारलं, "कोन गेलं म्हनायचं?" सुगंधा टेपवर बोलणार नव्हती. तिने जोरजोरात मान हलवून कोणी नाही, कोणी नाही अशी खूण केली. "मंग बरं हाय," म्हणून ते खाली बसले. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टर दोनदा मागे वळून बघून गेला. हसणं ओसरल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की त्यांचं काही चुकलं नाही. शांत बसायचं म्हटलं की माणसाला आधी गेलेलंच कोणी आठवतं.

आणि तिची फसलेली मुलाखत. ती गोष्ट ती दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगायची, कारण ती मुलाखत तिच्या आईची होती. सुगंधाच्या माय, मी त्यांना खडकीच्या घरी भेटले होते, ठेंगण्याठुसक्या, हातात सतत काहीतरी काम असलेल्या, बोलताना समोरच्याला जरा ढकलत बोलणाऱ्या. सुरुवातीच्या काळात सुगंधाला वाटलं, अस्सल बोली आपल्याच घरात, हाताशी आहे, आधी तीच भरून ठेवू. ठरल्याप्रमाणे आधी खोली. पण माय गप्प बसेनात. बरं, खोली बिघडली तर बिघडली, निदान मुलाखत होईल, म्हणून तिने समोर बसवलं. तर माय पदर सावरून ताठ बसल्या. लेकीच्या युनिव्हर्सिटीत हे ऐकणार! त्यांनी आकाशवाणीवर बातम्या देतात तशा भाषेत आयुष्य सांगितलं. "आम्ही सहकुटुंब पुणे येथे स्थलांतरित झालो. येथील हवामान आरोग्यदायी आहे." सुगंधाच्या भुवया वर जाऊन जाऊन थकल्या, पण माय काही हवामानावरून खाली उतरल्या नाहीत. कॅसेटवर तिने मोठ्या अक्षरांत 'बाद' लिहिलं. वर्गात हे सांगून झालं की म्हणायची, "उभ्या आयुष्यात मला एकाच बाईने हरवलं." मुलं हसायची. ती कॅसेट तिने टाकून मात्र दिली नव्हती.

त्या शेवटच्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी मी विभागात गेले. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्यायचं काम गेले काही महिने चाललं आहे. ते ओंकार बघतो, सुगंधाचाच विद्यार्थी, आता प्रकल्पात नेमलेला, कामाला चोख. त्याने सांगितलं, "मॅम, ते सॉफ्टवेअरच करतं. जिथे स्पीच नाही तो पार्ट ऑटोमॅटिक ट्रिम होतो. नाहीतर स्टोरेज केवढं लागेल." म्हणजे सुगंधाने ऐकलं होतं ते खरं होतं. उतरवून झालेल्या कॅसेटी वर्षाअखेर मोडीत जाणार होत्या, आणि बाद लिहिलेल्या तर उतरवायच्याच नाहीत म्हणून एका खोक्यात भरून दाराशी आल्या होत्या. मी कपाटाची किल्ली मागितली आणि खोका आत ठेवायला लावला. तो बिचारा गोंधळला. "पण मॅम, त्या भागात काहीच नाहीये." मी म्हटलं, "तेच ठेवायचंय." हे मी सुगंधाच्या वतीने बोलले, मला स्वतःला तेव्हा त्यातलं फारसं उमगलं होतं असं नाही. आजारी माणसाचा शब्द राखायचा, एवढंच.

ती गेल्यावर विभागात शोकसभा झाली. तिच्या संशोधनाबद्दल सगळे चांगलं बोलले, खरंही बोलले. मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं आणि मिनिट व्हायच्या आतच 'धन्यवाद, बसावे' आलं. सुगंधाने बटण दाबलं असतं तर तेवढ्यात तिचा पंखासुद्धा भरून झाला नसता. मी फारच चिडले आणि तडक घरी आले.

विश्रांतवाडीच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दिवशी, वंदना होऊन माणसं पांगल्यावर, मित्रा माझ्याजवळ येऊन बसली. ती खराडीला एका आयटी कंपनीत आहे. वडील लवकर गेले. मग या दोघी आणि आजी. हातातला फोन उगाच फिरवत तिने विचारलं, "मावशी, डिपार्टमेंटमध्ये आईचा आवाज असेल ना?" मला वाटलं, हिच्याकडे नसेल असं कसं होईल? पण सुगंधा व्हॉइस मेसेज पाठवायची नाही; टाइप करायची, पूर्णविरामासकट. ऑनलाइन घेतलेली लेक्चर्स मात्र मित्राकडे होती. "ती लावते ना मी, पण ती मॅडम आहे, मावशी. ऐकलं की मला सरळ बसावंसं वाटतं. माझ्याशीही ती तशीच बोलायची, छान, तुमच्यासारखं. पण आजीशी बोलायची ना, तो वेगळाच आवाज होता. एकदम सैल. आजी गेली तेव्हा मी शाळेत होते, त्यानंतर ती तसं बोललीच नाही. मला तो आठवायचाय आणि प्रत्येक वेळी लेक्चरवालाच येतो... तो पुसून चाललाय मावशी." मी बघते म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ज्या बाईने टेपवर आपला आवाज येऊ द्यायचा नाही हे व्रतासारखं पाळलं, तिचाच आवाज तिच्या टेपवर शोधायचा होता.

मी निवृत्त झाले तरी बुधवारी दुपारी विभागात जाते. तिथल्या ध्वनिमुद्रणाच्या लहान खोलीत, सुगंधाचा जुना कॅसेट प्लेअर पुढ्यात घेऊन, मी ऐकायला लागले. जन्मभर दगड वाचलेल्या बाईला कानांनी काम करायची सवय नव्हती. आधी मुलाखती ऐकल्या. माणसं भरभरून बोलत होती, तिचा एक शब्द नव्हता. तिच्या भुवया मात्र सगळीकडे ऐकू येत होत्या. "असं नका बघू बाई, सांगते की," एक म्हातारी म्हणाली. दुसरे कोणी गृहस्थ म्हणाले, "हां, बरोबर वळखलंत," आणि तिने काय ओळखलं होतं ते टेपला ठाऊक नाही. असे कितीतरी बुधवार गेले. मग तिचे शेवटचे शब्द आठवले आणि मी मुलाखती सोडून खोल्या ऐकू लागले.

तिथे काय होतं ते सांगणं अवघड आहे. डोळे मिटून मी एका घरातून दुसऱ्या घरात जात होते आणि कोणी मला 'या' म्हणत नव्हतं, कोणी 'कोण पाहिजे' विचारत नव्हतं. खडकीची एक दुपार होती, कारखान्याचा भोंगा, मग लांबून येणारी आणि खूप वेळ जात राहणारी मालगाडी, आणि ती गेल्यावर कळायचं की इतका वेळ कुठेतरी नळ ठिबकतोय. विश्रांतवाडीच्या एका घरात शिलाईचं मशीन थांबत थांबत चाललं होतं, बहुधा शेजारी, कारण या खोलीत सगळे गप्प होते. मांजरीचा ऊस होता, तीच पडवी, तीच मोटार, आणि त्यात कुठेतरी न बोलणारी, माझं आजचं वय नसलेली मीसुद्धा होते. यातली बरीच घरं आता नाहीत. त्यांच्या जागी पार्किंग आहे. पण ती दुपार तशीच चालली होती, कोणासाठी न थांबता... आणि प्रत्येक खोलीत, अगदी जवळ, मायक्रोफोनच्या अलीकडे, एक बारीकसा आवाज. आधी मला वाटलं टेपची खरखर. मग ओळखलं. श्वास घेताना तिचं नाक किंचित वाजायचं. कपाटापलीकडून तो आवाज मी इतकी वर्षं ऐकला होता की तो बंद झाला म्हणजेच मला कळायचं, सुगंधा उठून गेली. मी हेडफोन काढून ठेवला. हे मित्राला द्यायचं? श्वास काही आवाज नव्हे, तिने बोलणं मागितलं होतं.

मग तो खोका उघडला. बाद कॅसेटींमध्ये तिच्या आईची होती. लावली. स्टोव्हचा घरघराट, भांड्याचा आवाज, आणि आतल्या खोलीतून मायचा तो ढकलणारा सूर आला. मी पटकन बटण बंद केलं. पुढे काय आहे ते मी एकटीने ऐकायचं नव्हतं. मित्राला फोन केला, म्हटलं, ऑफिसातून निघ आणि ये.

ती आली. आम्ही हेडफोन लावला नाही, खोलीत मोठ्यानेच लावलं. पुन्हा तो स्टोव्ह, तेच भांडं, आणि आतून माय:

"काहून गप बसून राहिली वो? तब्येत बरी नाही का तुयी?"

मग अगदी जवळून एक आवाज आला. मी तो आयुष्यात कधी ऐकला नव्हता आणि तरी कोणाचा ते सांगायला नको होतं. तरुण, जरा ओढून बोललेला, लाडावलेला.

"बरी हाये माय. खोली भरून राहिली. तू जराशी गप राह्य ना."

"खोली भरून कोठी नेशीन तिले?"

त्यावर सुगंधा हसली. तसं ती आमच्यात कधी हसली नाही. "कोठीच नाही नेत. ठेवून राहिली. मांगून कामी पडन."

माय यावर काहीतरी पुटपुटल्या. स्टोव्ह बंद झाला, बशी वाजली, कोणीतरी जमिनीवर टेकलं, आणि दोघी चहा प्यायल्या. चहा पितानाचा आवाज आमच्याकडे असभ्य मानतात. मी इतकं सुंदर फार कमी ऐकलं आहे. मग खटका वाजला आणि "आम्ही सहकुटुंब पुणे येथे" सुरू झालं. मी रडत होते. मित्रा रडत नव्हती, ओठ हलवत होती. मांगून कामी पडन, मांगून कामी पडन. म्हणाली, आई असं म्हणायची, पुढे उपयोगी पडतील म्हणून जुने डबे धुऊन ठेवताना, आणि मला वाटायचं ती गंमत करतेय. मी तिला विचारलं, पूर्ण कॅसेट उतरवून देऊ का. ती म्हणाली, "नको मावशी, मुलाखत नको. मला फक्त खोली द्या."

बाद लिहिताना सुगंधाला त्या कॅसेटवर काय आहे ते कळलं होतं की नाही, कोण जाणे. पुढे कधीतरी नक्की कळलं असणार, नाहीतर बोलायला दम उरला नव्हता तेव्हा तिने ते चार शब्द खोल्यांवर खर्च केले नसते. खोल्या आता कापत नाहीत. ओंकारने सगळं काम पहिल्यापासून पुन्हा काढलं आहे, मी न सांगता.

सुगंधाच्या शेवटच्या कामाचा आराखडा असा होता, की जिथे जिथे पूर्वी रेकॉर्डिंग केलं त्याच घरांत पुन्हा जायचं आणि बोलणं कसं बदललं ते बघायचं. तिला ते जमलं नाही. गेल्या आठवड्यात ओंकार मांजरीला निघाला, आणि ते घर पाहिलेली मी एकटीच उरले म्हणून मलाही घेऊन गेला. आता तिन्ही बाजूंना उंच इमारती आहेत, ऊस एका पट्टीपुरता राहिला आहे. म्हातारबाबा केव्हाच गेले. ती सून आता स्वतः म्हातारी झाली आहे. तिने मला ओळखलं नाही, पण ओंकारने पडवीत यंत्र ठेवून ओठांवर बोट धरलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आम्ही सगळे गप्प बसलो. समोरच्या इमारतीत कोणीतरी फरशी कापत होतं. ते थांबलं की त्या पट्टीतली पाती वाजत होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मग आमच्या मागे फाटकाकडे बघितलं, आणि यंत्र चालू आहे हे माहीत असूनही तिने विचारलं.

"त्या बाई न्हाई आल्या व्हय?"

ओंकारने माझ्याकडे पाहिलं. नियम मला पाठ होता. नुसती मान हलवली असती तरी तिला कळलं असतं.

मी म्हटलं, "नाही हो. आमची सुगंधा गेली."

तिने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून उभी राहिली. मग ओंकार उभा राहिला, मी राहिले. घाई कोणालाच नव्हती. वारा येत-जात होता. ओंकारने बटण बंद केलं नाही, आणि मीही त्याला कर म्हटलं नाही. त्या रेकॉर्डिंगवर सगळं आहे, फरशी कापणारा, ऊस, त्या बाईंचा प्रश्न, आणि त्यात माझा आवाज. सुगंधाने त्यावर नक्की 'बाद' लिहिलं असतं. आम्ही ते ठेवलं आहे.